मासा जगला, म्हणून पाणी निर्दोष?

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच दिसला की दोन दिवस ओरड होते, पाण्याचे नमुने घेतले जातात. मासे पुन्हा फिरताना दिसले की विषय मिटतो. मासा मेला तर पाणी विषारी, जगला तर ठीक, ही समजूत फक्त नदीकाठच्या माणसाची नाही. ती कायद्यातही बसली आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार, निव्वळ सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर ९० टक्के मासे जिवंत राहिले की ते सांडपाणी जैवचाचणीत उत्तीर्ण होते.

माझ्या मते मृत्यूबरोबरच झेब्रा माशाच्या पिल्लांची वागणूकही तपासायला हवी. याविरुद्धचा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो पूर्ण मांडतो. मृत्यू मोजता येतो. कोणत्याही जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत तो तसाच मोजला जाईल आणि न्यायालयात टिकेल. वागणुकीचे तसे नाही. ती वेळेनुसार आणि माशागणिक बदलते. शिवाय झेब्रा माशाच्या पिल्लावरून मुलाच्या मेंदूविषयी बोलणे हे धाडस आहे. माशाला माणसासारखा थरांचा मेंदूबाह्यक नाही, गर्भाला वार नाही. औषधे आणि रसायने तपासायला उंदीर आहेत. मग या दोन बोटे लांबीच्या माशाचे कौतुक कशाला?

आधी मृत्यूच्या पुराव्याचे पाहू. मळीमिश्रित पाणी नदीत आले की जिवाणू विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. म्हणजे माशांचा खच पडला तरी त्यावरून कोणते विष पाण्यात होते हे कळेलच असे नाही. आणि मासे जगले तर? ९६ तासांच्या चाचणीत सहसा वाढलेले, पोहणारे मासे सोडतात. त्यांचा मेंदू बांधून झालेला असतो. मेंदू बांधला जात असताना विषाने काय केले, हा प्रश्न ही चाचणी विचारतच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘सुरक्षित’ असे कसे काय निघते?

हा प्रश्न विचारायला झेब्रा मासा किती सोयीचा आहे, ते एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. मादी सकाळी उजाडताच अंडी घालते. अंडे मिलिमीटरभराचेही नसते आणि आरपार दिसते. २४ तासांच्या गर्भात डोळे, मेंदूचे फुगवटे आणि नुकतेच धडधडू लागलेले हृदय दिसते. शेपटी अधूनमधून आपोआप वळते. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते आणि पाचव्या दिवसापर्यंत स्वतःचे भक्ष्य शोधू लागते. या पिल्लांवरचा दिवा अचानक घालवला की निरोगी पिल्लांची धावपळ एकदम वाढते आणि काही मिनिटांत ओसरते. कॅमेरा ती मोजतो, माणसाची मर्जी मध्ये येत नाही. एका जोडीकडून शंभर-दोनशे अंडी मिळतात, त्यामुळे पिल्लागणिक पडणारा फरक सरासरीत निवळतो. वागणूक मोजता येत नाही हा आक्षेप इथेच संपतो. अट एकच: वेळ, तापमान आणि प्रकाश सर्व गटांना सारखे हवेत.

आता मेंदूबाह्यकाचा आक्षेप. इथे आपल्याच शिवारातले उदाहरण घेऊ. उसात वाळवीसाठी, हुमणीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर अडवते. एका मज्जापेशीकडून दुसरीकडे निरोप पोचला की निरोप नेणारे द्रव्य हे विकर साफ करते. ते अडले की निरोप थांबतच नाही. हे विकर माशात आहे, उंदरात आहे, माणसातही आहे. विषाचे लक्ष्य हे विकर असेल तर मेंदूबाह्यकाच्या अभावाने काय बिघडते?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात एडवर्ड लेव्हिन यांच्या गटाने पहिल्या पाच दिवसांत क्लोरपायरीफॉस दिलेले झेब्रा मासे मोठे झाल्यावर तपासले. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की जगून मोठे झालेले मासेही जागा ओळखायला शिकण्यात मागे पडले. ९६ तासांनी मेले किती एवढेच मोजले असते, तर हे उघड झाले असते काय? पुढे २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की जन्मावेळी नाळेच्या रक्तात हे कीटकनाशक जास्त असलेल्या मुलांची सातव्या वर्षी कार्यकारी स्मृती आणि बुद्ध्यंक कमी होता. माशाने मुलाचा बुद्ध्यंक सांगितला नाही. तसा कोणाचा दावाही नाही. त्याने धोक्याची दिशा दाखवली, आणि मुलांतही तीच दिसली.

वारेचा आक्षेप मात्र खरा आहे. आईच्या यकृतातून आणि वारेतून गाळून किती विष गर्भापर्यंत जाते, हे मासा सांगू शकत नाही. पण उंदराच्या भरवशावर राहणाऱ्यांनी थॅलिडोमाइड आठवावे. माणसाच्या गर्भाचे हातपाय खुंटवणाऱ्या या औषधाने उंदराच्या गर्भाला तसा अपाय होत नाही. ते औषध नेमके कोणत्या प्रथिनाला चिकटते, हे तोक्योतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, आणि पुराव्यासाठी त्यांनी वापरलेल्या प्राण्यांत झेब्रा मासा होता. कोणताही प्राणी माणूस नव्हे. कोणत्या प्रश्नाला कोणता प्राणी हवा, एवढेच ठरवायचे असते.

आणि झेब्रा मासा आपल्या व्यवस्थेला परका थोडाच आहे? सांडपाण्याची तीव्र विषारिता तपासण्याच्या भारतीय मानकात, आयएस ६५८२ च्या दुसऱ्या भागात, हाच मासा आहे. म्हणजे साक्षीदार आपण आधीच मान्य केला आहे. त्याला ‘मेलास का?’ एवढे विचारून पिंजऱ्यातून उतरवतो आहोत. मूळ भारतीय उपखंडातल्या या माशाचे गर्भ पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांत वाढवले जातात, आणि मासा कोल्हापुरातल्या शोभिवंत माशांच्या दुकानातही मिळतो. मृगाच्या पहिल्या पावसात शिवारातले पाणी ओढ्यांतून पंचगंगेत उतरते, त्या आठवड्यातला नमुना घ्यावा. त्यात ताजी अंडी पाच दिवस ठेवावीत, शेजारी तितकीच अंडी स्वच्छ पाण्यात, आणि दिवा घालवून दोन्हीकडची धावपळ मोजावी. ९६ तासांची चाचणी रद्द करा, असे माझे म्हणणे नाही. तिच्या निकालाखाली ‘पाणी सुरक्षित’ असे लिहायचे असेल, तर त्याआधी या पाच दिवसांचे आकडे जोडलेले हवेत.