वजनकाट्याला न दिसणारा लठ्ठपणा

दवाखान्यात लठ्ठपणा ठरवण्यासाठी वापरला जाणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, मुळात वैद्यकातून आलेला नाही. बेल्जियन गणिती अॅडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात लोकसमूहांच्या सरासरी देहमानाचा अभ्यास करताना हे गुणोत्तर मांडले, आणि 1972 मध्ये अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतील पुरुषांच्या मोजमापांवर ते पारखून त्याला आजचे नाव दिले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 25 पासून अतिवजन आणि 30 पासून लठ्ठपणा अशा सीमा रूढ केल्या. भारतात मात्र या सीमांच्या बरेच अलीकडे असणाऱ्यांनाही मधुमेह जडत होता.

हे कोडे उलगडण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून पाहणी केली, तेव्हा त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो होते. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अंगाने बारीक, पण चरबीचे प्रमाण जास्त, अशा या देहरचनेला संशोधकांनी ‘थिन-फॅट’ म्हटले. 2004 मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लान्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली: दोघांचाही निर्देशांक 22.3, परंतु शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के.

अशा पुराव्यांच्या आधारे 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची सीमा 23 वर आणि लठ्ठपणाची 25 वर आणली, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर झाला की धोका मानावा, असे सुचवले, कारण यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी वजनकाट्याला वेगळी दिसत नाही. हा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर मोजायचा असतो. त्यासाठी मोजपट्टीखेरीज काहीही लागत नाही. खेड्यापाड्यांतील बाळंतिणींनी आणि अर्भकांनी ज्या संशोधनाला आधार दिला, ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचवणे हे वैद्यकाचे त्यांच्याप्रती देणे आहे, आणि प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाबरोबर कमरेचा घेरही नोंदवला गेला पाहिजे.