चाळिशीचे वय



चष्म्याला मराठीत एक जुने, घरगुती नाव आहे : चाळिशी. “माझी चाळिशी आण रे जरा,” असे आजोबांनी म्हणावे आणि नातवाने कोनाड्यातून ती आणून द्यावी, हा प्रसंग येथे बसलेल्या पुष्कळांच्या घरी घडलेला असेल. या नावातच वयाचा दाखला आहे. चाळीस वर्षे उलटली की पोथी हात लांब करून वाचावी लागे, आणि मग नाकावर भिंगे चढत. आज मात्र कोनाड्यातून चाळिशी आणून देणारा नातूच चष्मा लावून उभा असतो. चाळिशीचे वय दहा-बारा वर्षांवर कसे उतरले, याचा इतिहास आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आजोबांची चाळिशी आणि नातवाचा चष्मा ही एकाच दुखण्याची दोन वये नव्हेत. आजोबांच्या डोळ्यातील भिंग वयोमानाने ताठर होते, म्हणून जवळचे अक्षर दिसत नाही. नातवाचे नेमके उलट आहे. त्याला पुस्तक स्वच्छ दिसते, फळा दिसत नाही. जन्मतः सुमारे सतरा मिलिमीटर लांबीचा असलेला नेत्रगोल मोठेपणी चोवीसच्या आसपास स्थिरावतो. तेथून तो एखादा मिलिमीटर जरी अधिक वाढला, तरी अडीच-तीन नंबरांचा चष्मा लागतो; कारण दूरच्या वस्तूचे चित्र डोळ्यातील पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. याला निकटदृष्टिता म्हणतात. तात्पर्य, आजोबांचा डोळा थकलेला असतो आणि नातवाचा डोळा वाजवीपेक्षा जास्त वाढलेला असतो. जे वाढते ते वाढू न देण्याचा उपाय असू शकतो, हे आपण ध्यानात ठेवू.

चष्म्याचा इतिहासही याच क्रमाने गेला. इटलीमध्ये १२८६ च्या सुमारास पहिला चष्मा तयार झाला तो म्हाताऱ्या डोळ्यांसाठी, फुगीर भिंगांचा. खोलगट भिंगांचा, म्हणजे लांबचे दाखविणारा चष्मा मागाहून आला. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने १४६२ मध्ये फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागविले, त्यात एक डझन लांबचे पाहण्यासाठी, तरुणांना उपयोगी पडणारे असावेत, असे त्याने कळविले होते. अशा भिंगाने दिसते का, याची उपपत्ती पुढे १६०४ मध्ये केप्लरने मांडली. परंतु या काळात लांबचे न दिसणारा तरुण हा अपवादच होता. शेतकरी, खलाशी, मेंढपाळ यांच्या वस्तीत तो क्वचितच आढळे. मठात, दरबारात, ग्रंथालयात मात्र तो भेटे. हा भेद पुढे सर्व जगाला पुरून उरला.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. १८५९ मध्ये त्याच्या पहिल्या प्रवेश परीक्षेला बसलेल्या मूठभर विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे हे होते. ज्या वसंत व्याख्यानमालेच्या अनुकरणाने महाराष्ट्रात गावोगाव अशी व्याख्याने सुरू झाली, ती पुण्याची मूळ मालाही त्यांच्याच प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झाली. न्यायमूर्तींची दृष्टी अधू होती, हे आपणांस ठाऊक असेलच. डोळ्यांच्या विकाराने त्यांना पुष्कळ गांजले. वर्तमानपत्रे व कागदपत्रे ते इतरांकडून वाचून घेत, आणि रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. त्यांचे दुखणे निकटदृष्टितेचे होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु विद्येने डोळे जातात, ही समजूत मराठी घरांत त्या पिढीपासून रुजली, आणि तिच्या मागोमाग विद्वानाची खूण म्हणजे चष्मा, ही दुसरी समजूतही आली. आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे चष्म्यासहच उभे राहते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांच्या घरात हा चष्मा अभिमानाने पाहिला गेला, हे योग्यच झाले.

विद्येने डोळे जातात, ही समजूत खरी की खोटी? तिची पहिली मोठी मोजणी रानड्यांच्याच तारुण्यकाळात, पण दूर जर्मनीत झाली. ब्रेस्लाऊ येथील नेत्रवैद्य हेरमान कोन याने तेथील शाळांतून १०,०६० मुलांचे डोळे तपासले व १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील शाळांत निकटदृष्टीची मुले शंभरात दीडाहूनही कमी निघाली. शहरातील वरिष्ठ विद्यालयांत ती शंभरात सव्वीस निघाली. इयत्ता जसजशी चढत गेली, तसतसे प्रमाणही चढत गेले. साऱ्या युरोपात खळबळ उडाली. बाके उंच करा, टाइप मोठा करा, खिडक्या रुंद करा, अशा सुधारणांची लाट आली.

परंतु पुढे विसाव्या शतकात वारा फिरला. निकटदृष्टिता आईबापांकडून येते, शाळेचा त्यात दोष नाही, असे तज्ज्ञ म्हणू लागले. आईबापांना चष्मा असेल तर मुलाला तो लागण्याचा संभव अधिक, हे खरेच आहे. पण केवळ रक्तानेच हे घडत असते, तर एका पिढीत प्रमाण कसे वाढले असते? अलास्काच्या उत्तर टोकाशी, त्या वेळी बॅरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी झाली. शिकार करून जगलेल्या वडीलधाऱ्या १३१ माणसांत निकटदृष्टीची निघाली अवघी दोन. त्यांच्याच शाळेत गेलेल्या मुलानातवंडांत मात्र निम्म्याहून अधिक! रक्त तेच होते. बदलला होता तो दिवस घालविण्याचा रिवाज.

आता प्रश्न असा की, शाळेतील कोणती गोष्ट डोळ्यास बाधते? अक्षर, की दुसरेच काही? हा प्रश्न अलोऱ्यात विचारण्यास एक विशेष औचित्य आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे कोयनेचे पाणी बोगद्यातून पोफळीला उतरते, कोळकेवाडीच्या धरणात थांबते आणि तेथून आपल्या अलोऱ्याच्या वीजगृहातून वाशिष्ठीला मिळते. कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. सत्तरच्या दशकात येथील ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा उभा राहिला, व त्याबरोबर वसाहत आणि शाळाही आल्या. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत रात्री अभ्यासाचा दिवा लागला, त्यात या गावाचा वाटा आहे. १९०१ च्या खानेसुमारीत भारतात शंभरात जेमतेम पाच जण साक्षर होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात ब्याऐंशी होते. दिवा आणि अक्षर ही दोन्ही एकाच पिढीत घरात आली. म्हणून चष्म्याचा दोष दिव्याला द्यावा, की अक्षराला?

उत्तर अनपेक्षित दिशेने आले. सिडनी आणि सिंगापूर येथील सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापुरात शंभरात एकोणतीस मुले निकटदृष्टीची होती, सिडनीत तीन-साडेतीन. दोन्हीकडच्या आईबापांच्या चष्म्याचे प्रमाण सारखेच, आणि पुस्तके तर सिडनीची मुलेच अधिक वाचीत. मग फरक कशात? सिडनीचे मूल आठवड्यात सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर असे, सिंगापूरचे मूल तीन तास. पुढे चीनमधील ग्वांगजौ शहरात निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक बाहेर नेले. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नव्याने निकटदृष्टिता आलेली मुले नेहमीच्या शाळांत शंभरात साडेएकोणचाळीस होती, बाहेर नेलेल्या शाळांत तीस.

याचे कारण प्रकाशात आहे असे आज मानले जाते. भरदिवसा उघड्यावर एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. आंब्याच्या सावलीतही तो हजारोंनी मोजावा लागतो. चांगला उजेड असलेल्या वर्गात मात्र तो तीनशे ते पाचशेच भरतो. प्रखर प्रकाशाने डोळ्यातील पडद्यात डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते, आणि ते नेत्रगोलाच्या वाढीला लगाम घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून मोठे विजेचे दिवे लावूनही खोलीत सूर्य येत नाही. अक्षर निर्दोष ठरले असे मात्र नव्हे. शिक्षणाचे प्रत्येक अधिक वर्ष चष्म्याचा नंबर थोडा वाढविते, हे आनुवंशिक माहितीच्या आधारे २०१८ मध्ये दाखविले गेले. पण अक्षराचे विष उतरविण्याचा उतारा अंगणातच पडलेला आहे, एवढे निश्चित.

हा प्रश्न परदेशाचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. सेऊलमधील एकोणीस वर्षांच्या तरुणांत शंभरात शहाण्णव निकटदृष्टीचे निघाले, तेवढी आपली गत अद्याप झालेली नाही. परंतु २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीच्या मुलांत हे प्रमाण शंभरात सात-साडेसात होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत, दिल्लीच्याच शाळांत, ते तेरा होते. दोन पाहण्यांची पद्धत एक नव्हती, तरी रोख कोणीकडे आहे हे दिसते. आणि सारे पाप मोबाईलच्या माथी मारूनही चालणार नाही. सिंगापूर, तैवान येथील तरुणांत हे प्रमाण मोबाईलच्या आधीच चढून बसले होते. मोबाईलने मुलाला घरात अधिक घट्ट बांधले, हा त्याचा खरा अपराध. पण त्यापूर्वी शिकवणीच्या वर्गांनी आणि आपल्या परीक्षांच्या धास्तीने त्याला बांधलेलेच होते.

आमच्या शाळेत चष्मा लावणाऱ्याला “बॅटरी” म्हणत. त्या भीतीने एका सोबत्याने आपल्याला फळा दिसत नाही हे दोन वर्षे कोणाला सांगितले नाही. तो मागच्या बाकावर बसे, शेजाऱ्याचे पाहून उतरून घेई, आणि वर्गात ‘ढ’ ठरला. चष्मा लागल्यावर त्याने गणितात आम्हां सर्वांस मागे टाकले. मुलींची कथा याहून कठीण. पाहुणे पाहायला येणार म्हणून चष्मा काढून ठेवायला लावलेली, आणि समोर कोण बसले आहे हेच न दिसलेली मुलगी आम्ही पाहिली आहे. डोळ्यात बसणाऱ्या भिंगांचा प्रसार आपल्याकडे झाला, त्यात सोयीइतकाच या लाजेचाही भाग आहे. काचेचे असे भिंग फिक याने १८८८ मध्ये केले. मऊ भिंगे चेक शास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले याने १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांच्या यंत्रावर घडविली. साधन उत्तम आहे. मात्र ती भिंगे लावून निजू नये, नदी-विहिरीत पोहू नये, नळाच्या पाण्याने ती धुवू नयेत. डोळ्यास जंतुबाधा झाली तर दृष्टीवर बेतते.

लाजेपेक्षा मोठे भय दुसरेच आहे. नंबर फार वाढला की पुढील वयात डोळ्यातील पडदा सुटणे, काचबिंदू होणे, मध्यभागची दृष्टी जाणे, असे धोके वाढतात. हे चष्म्याने टळत नाही, कारण चष्मा चित्र जागेवर आणतो, डोळा आखूड करीत नाही. म्हणून निकटदृष्टिता जितकी उशिरा सुरू होईल तितके बरे. मुलाचे डोळे शाळेत जाताना आणि नंतर दरवर्षी तपासावेत. चष्मा लागला तर पुरत्या नंबराचा द्यावा. कमी नंबराचा दिला म्हणजे डोळा सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. मलेशियात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तशा मुलांचा नंबर उलट अधिक वाढला. वाढ मंदावण्यासाठी सौम्य प्रमाणातील अ‍ॅट्रोपीनचे थेंब व विशेष भिंगेही आता आहेत. ती नेत्रवैद्याच्या सल्ल्याने वापरावी.

आणि पहिला उपाय बिनपैशाचा आहे. तैवानने २०१० पासून शाळांना रोज दोन तास मुलांना बाहेर ठेवण्याचा परिपाठ घालून दिला, आणि वाढते प्रमाण तेथे काही काळ उतरले. कोकणात पावसाचे चार महिने मुले कोंडली जातात, हे आम्ही जाणतो. म्हणून उरलेले आठ महिने तरी त्यांचे हिरावून घेऊ नयेत. उन्हाळ्यात मुलांचा नंबर थंडीपेक्षा सावकाश वाढतो, असे अनेक देशांत आढळले आहे. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत आंब्याखाली, नदीकाठी घालविलेला दिवस वाया गेला असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

न्यायमूर्तींच्या पिढीने डोळे झिजवून विद्या आणली. त्यांना दोहोंतून एकच निवडता येत होते. आपणांस तसे नाही. विद्याही ठेवता येईल आणि डोळेही, मात्र शाळेच्या वेळापत्रकात आणि घरच्या शिस्तीत ऊन्हाला जागा दिली पाहिजे. ज्या गावाने साऱ्या महाराष्ट्राच्या रात्रीला उजेड दिला, त्याने आपल्या मुलांना दिवसाचा उजेड नाकारू नये, एवढीच आमची विनंती आहे. असे झाले, तर चाळिशी पुन्हा चाळिसाव्या वर्षीच येईल, आणि ती कोनाड्यातून आणून देणारा नातू तिच्याकडे कुतूहलानेच पाहील.