पियानोचें पहिलें पुस्तक

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारीं फ्रान्स्वा कूपरँ नांवाचा एक थोर वादक होता. राजघराण्यांतील मुलांना हार्प्सिकॉर्ड शिकविण्याचें काम त्याच्याकडे होतें. हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोचा वडीलभाऊ. पट्ट्या तशाच, मात्र आंतील तार हातोड्यानें न वाजतां खुंटीला बसविलेल्या पिसाच्या टोंकानें छेडली जाई. १७१६ सालीं कूपरँनें वादनकलेवर एक लहानसें पुस्तक छापलें. त्यांत तो आपली एक संवय मोकळेपणानें सांगतो. शिकवणी संपली कीं तो वाद्याला कुलूप लावी आणि किल्ली खिशांत घालून घरीं घेऊन जाई. पाऊण तास खपून मुलाच्या हाताला जें वळण लावावें तें मूल एकटें बसलें कीं क्षणांत मोडून टाकतें, अशी त्याची तक्रार होती. आणखीहि एक गोष्ट त्यानें लिहून ठेवली आहे: मुलाच्या हातांत पुष्कळशा चिजा बसल्यावांचून त्याला स्वरलिपि दाखवूं नये. लिपि आधीं दाखविली तर मूल कागदाकडे पाहतें आणि बोटें भलतीकडे जातात. ज्यांनीं गुरूच्या तोंडून तालीम घेतली आहे त्यांना हें वाचून नवल वाटणार नाहीं. नवल एवढेंच कीं हें सांगण्यासाठीं त्यालाहि पुस्तकच लिहावें लागलें.

आज एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत सातआठ वर्षांच्या मुलीसाठीं पियानो अथवा विजेवर चालणारा कीबोर्ड येतो, आणि मग वडील दुकानांत पहिलें पुस्तक निवडावयास जातात. फळीवर दहा तर्‍हेचीं पुस्तकें असतात. कोणाच्या मुखपृष्ठावर हत्ती, कोणावर आगगाडी. दुकानदार जें अधिक खपतें तें पुढें करतो. पानें चाळून कांहीं उमगत नाहीं, कारण पहिलें पान सर्वांचें सोपेंच असतें. अशा वेळीं कूपरँची ती किल्ली ध्यानांत ठेवली तर निवड पुष्कळ सुकर होईल. वाद्यापाशीं मुलाजवळ कोण बसणार, या प्रश्नाला प्रत्येक पुस्तकानें आपल्यापुरतें कांहीं उत्तर धरलेलें असतें. तें छापलेलें नसलें तरी पानापानांतून दिसतें.

आरंभींचीं पुस्तकें एकेका मुलासाठीं हातानें लिहिलेलीं असत. योहान सेबास्टिअन बाख यानें २२ जानेवारी १७२० रोजीं केटेन गांवीं आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठीं एक वही सुरू केली. मुलगा तेव्हां नऊ वर्षांचा होता. वहीच्या आरंभीं स्वरांच्या खुणा, नंतर गमकांचा तक्ता, आणि लगेच प्रत्येक स्वरावर बोटांचे आंकडे घातलेली एक चीज. पुढें पुढें वहींत ज्या रचना येतात त्या आज जगांतील मोठमोठे वादक सभागृहांत वाजवितात. बाप घरांतच होता; मुलाला जेवढें पेलेल तेवढें तो लिहून देई. अशा वहीला प्रस्तावना लागत नाहीं आणि किल्लीहि लागत नाहीं.

त्याच घराण्यांतील दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल यानें १७५३ सालीं बर्लिनमध्यें आपल्या ग्रंथाचा पहिला भाग छापला. दुसरा १७६२ मध्यें निघाला. आंगठा हा पाहुणा नसून हाताचा मुख्य आधार आहे, हें त्या ग्रंथानें सर्वत्र नेलें. त्याच्या वडिलांच्या तरुणपणीं थोर वादकहि मोठी झेप घेण्यापुरताच आंगठा वापरीत, असें तो सांगतो. या ग्रंथाचा मान किती होता याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १८०१ च्या सुमारास व्हिएन्नामध्यें कार्ल चेर्नी नांवाच्या दहा वर्षांच्या मुलाला त्याचे वडील बीथोव्हेनकडे घेऊन गेले. बीथोव्हेननें मुलाचें वादन ऐकलें, त्याला शिष्य म्हणून पत्करलें, आणि इमॅन्युएल बाखचा ग्रंथ मिळवून पुढच्या शिकवणीला आणण्यास सांगितलें. परंतु पहिल्या शिकवण्यांत त्यानें त्या मुलाकडून स्वरसप्तकें घोटवून घेतलीं आणि हाताची व बोटांची ठेवण, विशेषतः आंगठ्याचा उपयोग, दाखविला. म्हणजे पुस्तक बीथोव्हेनसारख्याच्या हातीं असूनहि पहिला धडा हातानें हाताला दिला गेला.

पुढें पियानो हें मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांतील वाद्य झालें आणि पुस्तकाचा धंदा झाला. लंडनमध्यें मुत्सिओ क्लेमेंती यानें १८०१ मध्यें आपलें पुस्तक काढलें. हा गृहस्थ स्वतः थोर वादक, शिवाय संगीताचा प्रकाशक आणि पियानोच्या कारखान्याचाहि मालक! पियानो त्याचा, पुस्तक त्याचें, आणि त्यांतील चिजाहि त्याच्याच दुकानांत मिळावयाच्या. तथापि पुस्तक खरोखर चांगलें होतें. अर्धशतक चिजा त्यानें जुन्यानव्या थोर रचनाकारांतून वेंचल्या आणि त्यांवर बोटांचे आंकडे घातले. १८२६ मध्यें बीथोव्हेननें आपल्या मित्राच्या मुलासाठीं मुद्दाम हेंच पुस्तक मागवून दिलें. चेर्नी हा त्याचाच शिष्य. पण चेर्नीच्या अभ्यासपाठांपेक्षां क्लेमेंतीचें पुस्तक त्याला या मुलासाठीं बरें वाटलें.

चेर्नीनें पुढें शेंकडों अभ्यासपाठ लिहिले आणि १८३९ मध्यें तर शिक्षणक्रमाचा अनेक खंडांचा ग्रंथच काढला. तो काळ यंत्रांचा होता. योहान बेर्नहार्ट लोगिए यानें १८१४ मध्यें हात एका चौकटींत अडकवून ठेवणार्‍या साधनाचें पेटंट घेतलें. एका खोलींत अनेक पियानो मांडून पुष्कळ मुलें एकदम शिकवावयाचीं, अशी त्याची योजना होती. कूपरँची किल्ली आतां मुलाच्या मनगटावरच बसली म्हणावयाची. या सार्‍या प्रकाराला रॉबर्ट शूमान कंटाळला होता. १८४८ मध्यें त्यानें आपल्या थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठीं कांहीं लहान चिजा लिहिल्या, त्यांतून ४३ चिजांचें पुस्तक झालें. पण त्यांतील पहिली चीज वाजविण्यासाठींहि आधीं कोणी तरी शिकविलेलें असावें लागतें. पहिलें पुस्तक म्हणून तें कोणी घेऊं नये.

याच सुमारास, म्हणजे १८५० च्या आगेमागें, जर्मनींतील माइंट्स शहरीं शॉट या प्रकाशनसंस्थेनें फर्डिनांड बायर याचें एक पुस्तक छापलें. बायर कांहीं थोर रचनाकार नव्हता. गाजलेल्या संगीतनाटकांतील चाली घरगुती पियानोसाठीं सोप्या करून देणें हा त्याचा उद्योग. पण लहान मुलांचा हात त्यानें नीट पाहिलेला होता. त्याच्या पुस्तकांत १०६ क्रमांक आहेत. आरंभीं बोटें पांच पट्ट्यांवर ठेवावयाचीं आणि तेथून हालवावयाचीं नाहींत. पहिल्या क्रमांकांत उजव्या हाताची साधी चाल व तिचीं रूपांतरें, दुसर्‍यांत डाव्या हाताचीं. आणि या कोंवळ्या चालींच्या खालीं गुरूनें त्याच पियानोवर वाजवावयाची भरदार साथ छापलेली. मुलाला चारच स्वर येत असले तरी खोलींत संगीत उभें राहतें. पहिल्या आठवड्यांत मुलाला हा आनंद देणारीं पुस्तकें तेव्हांहि थोडीं होतीं आणि आजहि फार नाहींत.

मात्र या सोयीची एक किंमत आहे. गुरु खालच्या सप्तकांत बसला म्हणजे मुलाचे दोनहि हात वरच्या सप्तकांत जातात. म्हणून या पुस्तकांत डाव्या हाताचे स्वरहि बराच काळ उच्च सप्तकाच्या, म्हणजे 'ट्रेबल'च्या, खुणेनेंच लिहिलेले आहेत. खर्जाची 'बास' खूण पुस्तक पुष्कळ पुढें गेल्यावर येते. तोंवर डोळ्याला एकाच लिपीची संवय जडते आणि दुसरी लिपि शत्रूसारखी वाटूं लागते. बायरनें प्रस्तावनेंत आपला हेतु सांगितला आहे: संगीताची आवड असलेल्या आईबापांनीं, रीतसर गुरु ठेवण्यापूर्वीं, आपल्या लहानग्यांना घरीं आरंभ करून द्यावा. या पुस्तकाचें उत्तर अर्थात् असें कीं मुलाजवळ आई बसणार, आणि तिला वाजवितां येणार. तशी आई असेल त्या घरीं ही किंमत फारशी नाहीं.

हें पुस्तक जपानांत गेलें तेव्हां काय झालें, हा भाग सर्वांत मनोरंजक आहे. पाश्चात्य संगीत शाळांतून शिकवावयाचें असें ठरवून जपान सरकारनें १८७९ मध्यें संगीताची एक चौकशी-कचेरी स्थापन केली. तिचा मुख्य इसावा शूजी. अमेरिकेंत शिक्षणशास्त्र शिकत असतां बॉस्टनच्या ल्यूथर व्हायटिंग मेसन याच्यापाशीं त्यानें गाण्याचे धडे घेतले होते. १८८० मध्यें त्याच मेसनला टोकिओस बोलाविण्यांत आलें, आणि त्याच्याबरोबर बायरचें पुस्तक आलें. आतां शिकणारे कोण? त्या कचेरींत राजदरबारांत पिढ्यान्‌पिढ्या गागाकु हें प्राचीन संगीत वाजविणारे वादकहि येऊन बसले. प्रौढ, आपल्या विद्येंत पारंगत असे हे लोक जर्मन बालकांच्या आईसाठीं लिहिलेल्या पुस्तकावर पांच बोटें ठेवून बसले, हें चित्र डोळ्यांपुढें आणण्यासारखें आहे. त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. राष्ट्राची गरज म्हणून त्यांनीं तें केलें. मेसन १८८२ मध्यें परत गेला. नागाई शिगेको ही १८७१ मध्यें लहानपणींच अमेरिकेस पाठविलेल्या पांच मुलींपैकीं एक. व्हासार कॉलेजांत पियानो शिकून ती १८८१ मध्यें परतली आणि या कचेरींत पियानो शिकवूं लागली. १८८७ मध्यें कचेरीचें टोकिओ संगीतशाळेंत रूपांतर झालें.

तेथून शिकून निघालेले शिक्षक आपल्या शिष्यांना तेंच पुस्तक देऊं लागले, त्यांचे शिष्य पुन्हा आपल्या शिष्यांना. विसाव्या शतकांत बालशिक्षकांच्या परीक्षांसाठींहि बायरचे क्रमांक नेमले जात, आणि "कितव्या क्रमांकावर आहेस?" हा प्रश्न म्हणजे पियानो किती येतो याचें मापच होऊन बसला. जर्मनींत इतर पुस्तकांच्या गर्दींत मागें पडलेला हा गृहस्थ जपानांत घरोघरचा झाला. जेथें शेजारीं साथ करणारें कोणी नव्हतें तेथें मूल अर्धीच चीज वाजवीत असे. दोन हात वर कां, याचें कारण त्या खोलींतून निघून गेलें होतें, आणि नियम मात्र राहिला होता. शतकाच्या उत्तरार्धांत तेथील शिक्षकांनीं यावर टीका केली व दुसरीं पुस्तकें आणलीं. त्यांत पहिल्या पानापासून दोनहि लिपि दाखविणारीं होतीं.

दोन लिपींच्या मध्यें एकुलत्या रेषेवर जो मधला 'सी' आहे, त्याच्यावर दोनहि आंगठे ठेवून दोहों बाजूंना चालावयाचें, ही रीत अमेरिकेंत जॉन टॉमसन याच्या १९३६ च्या पुस्तकानें फार लोकप्रिय केली. डोळा लवकर तयार होतो. पण बोटें त्या आंगठ्यांशीं खिळून राहतात, आणि जरा दूरचा स्वर आला कीं मूल गांगरतें. मराठी घरांत एक वेगळीच अडचण असते. येथें बहुधा आधीं हार्मोनियम असतें. हार्मोनियमवर एक हात भात्याला असतो, स्वर दुसर्‍या हाताकडे. त्या घरच्या मुलाचा उजवा हात व कान पियानोवर बसतांच तयार भासतात, आणि पुस्तकाचीं पहिलीं वीस पानें तें एका आठवड्यांत उडवून लावतें. घरचीं माणसें खूष होतात. डावा हात मात्र अद्याप भातावरच आहे! अशा मुलासाठीं ज्या पुस्तकांत डाव्या हाताला पहिल्या पानापासून उजव्याइतकेंच काम आहे तें घ्यावें, आणि पानें मोजण्याचा मोह सोडावा.

तसें एक पुस्तक हंगेरींत तयार झालें. बेला बार्टोक यानें १९१३ मध्यें एका सहकार्‍याबरोबर पियानोशिक्षणाचें पुस्तक काढलें होतेंच. पुढें १९२६ पासून १९३९ पर्यंत त्यानें लहानमोठ्या १५३ चिजा लिहिल्या. त्या सहा भागांत 'मिक्रोकॉस्मॉस' या नांवानें १९४० मध्यें प्रसिद्ध झाल्या. पहिल्या चिजांत दोनहि हात एकच चाल बरोबर वाजवितात, एक वर, एक खालीं, आपापल्या लिपींत. डाव्या हाताला सावत्रपणाची वागणूक नाहीं. पण बार्टोकनें स्वतःच बजावलें आहे कीं एवढ्यानें भागणार नाहीं. जोडीला बाखच्या घरच्या वहींतील सोप्या चिजा व चेर्नीचे अभ्यासपाठ घ्यावे. साथीला गुरुहि हवाच, कारण या चालींचे स्वर मुलाच्या कानाच्या ओळखीचे नसतात, आणि चुकलें तरी तें चुकलें असें मुलाला कळत नाहीं.

पहिले दोन भाग त्यानें आपला धाकटा मुलगा पेटर याला अर्पण केले आहेत. १९३३ मध्यें पेटर नऊ वर्षांचा असतां बार्टोक त्याला घरीं शिकवूं लागला. छापलेलें पुस्तक तेव्हां हाताशीं नव्हतें. मुलाला पेलेल तशी एकेक चीज बाप लिहून देई. पेटर पुढें पियानोवादक झाला नाहीं. तो अमेरिकेंत ध्वनिमुद्रणाचा तंत्रज्ञ झाला, आणि वडिलांच्या संगीताच्या तबकड्या त्यानें काढल्या.