नकाशाबाहेरचे गिऱ्हाईक

यवतमाळहून मुर्तिजापूरला जाणारी शकुंतला आता बंद आहे. पण ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना तिच्या रुळांमधले अंतर आठवत असेल. ते अडीच फूट होते. मुर्तिजापूरला मुंबईकडे जाणारा मोठा लोहमार्ग लागतो. त्याचे अंतर साडेपाच फूट. या तीन फुटांच्या फरकापायी आमच्याकडची रुईची प्रत्येक गठाण मुर्तिजापूरला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. रुई तीच, रूळ लोखंडाचेच, चाकेही गोलच; पण एका मापाची गाडी दुसऱ्या मापावर चालत नसे. अर्थात हे माप कोणी कोणाला अडवण्यासाठी ठेवले नव्हते. अरुंद मार्ग स्वस्तात होतो, एवढाच किलिक निक्सन कंपनीचा हिशेब होता.

मला आज ज्या अडवणुकीविषयी लिहावयाचे आहे ती मात्र विचारपूर्वक केलेली होती. विषय व्हिडिओ गेमचा आहे. दिवाळी अंकाच्या वाचकाला तो पोरकट वाटण्याचा संभव आहे, हे मी जाणून आहे. परंतु एखादी वस्तू कोणत्या मुलखात चालावी आणि कोणत्या मुलखात चालू नये, हे त्या वस्तूच्याच पोटात लिहून ठेवण्याचा उद्योग गेल्या चाळीस वर्षांत जगभर झाला, आणि त्याचे पहिले प्रयोग या खेळण्यांवरच झाले. त्या उद्योगात आमच्या जिल्ह्याचे काय झाले, हे कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

१९८३ च्या जुलैमध्ये जपानच्या निंटेंडो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते रचले होते. त्यात खेळ असलेली एक प्लास्टिकची पेटी वरून खोचावयाची. तिला इंग्रजीत काहीही म्हणोत, आमच्याकडे तिला ‘कॅसेट’च म्हणत, आणि मीही तेच म्हणणार आहे. या जपानी कॅसेटला ६० पिना होत्या, आणि कुलूप नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. कोणीही उठावे, कसलाही भिकार खेळ काढावा आणि दुकानात लावावा, असे तेथे झाले होते. १९८५ मध्ये निंटेंडो अमेरिकेत गेली ती हा धडा घेऊन. यंत्राचा चेहरा बदलला, कॅसेटच्या पिना ७२ झाल्या आणि आत एक चिप बसली. तिची जुळी बहीण प्रत्येक कॅसेटमध्ये. यंत्र चालू होताच या दोघी बहिणी एकच गणित एकाच वेळी सोडवू लागत आणि उत्तरे ताडून पाहत. उत्तर चुकले, की यंत्र दर सेकंदाला बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि पडदा नुसता लुकलुकत राही.

हेतू चोरट्या आणि भिकार मालाला अडवण्याचा, असे सांगण्यात आले. आणि ते खोटेही नव्हते. पण अमेरिकेतली बहीण वेगळी आणि युरोपातली वेगळी. युरोपातही पुन्हा दोन तऱ्हा. लंडनला रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल कॅसेट न्यूयॉर्कच्या यंत्रात लुकलुकू लागली, तर त्यात चोर कोण? येथे चोराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न बाजाराचे वाफे पाडण्याचा होता. एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात जाऊ नये, म्हणजे प्रत्येक वाफ्यात भाव वेगळा लावता येतो. अटारी गेम्स या कंपनीने तर कोर्टातल्या दाव्यासाठी हवी असे खोटे सांगून अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीतून या चिपची संहिता मिळवली आणि आपली किल्ली घडवली. १९९२ मध्ये तेथल्या न्यायालयाने तिला दोष दिला. गंमत अशी, की पुढे हौशी कारागिरांना आढळून आले, की यंत्रातल्या चिपचा चौथा पाय तोडला की सारे कुलूप गळून पडते.

या नकाशात हिंदुस्थानचा वाफाच नव्हता. आम्हांला कोणी अडवले नाही, कारण आम्ही कोणाच्या हिशेबातच नव्हतो. निंटेंडोचे यंत्र यवतमाळच्या दुकानात आले नाही. आल्या त्या त्याच्या नकला. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या प्रतिकृती केल्या, आणि त्यांवर उभी राहिलेली यंत्रे निम्म्या जगात पसरली. आपल्याकडे ती ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या खोक्यांतून आली. १९९० नंतरच्या काही वर्षांत यवतमाळ, पुसद, वणी अशा गावांतून ती घरोघर दिसू लागली. ज्यांना विकत घेणे परवडत नसे ती मुले तासाच्या भाड्यावर खेळत. नक्कल फॅमिकॉमची होती, म्हणजे कुलूप नसलेल्या यंत्राची; त्यामुळे या यंत्रांना ना देश ना वेस. जपानची कॅसेट चाले, हाँगकाँगची चाले, आणि ‘९९९९९९९ इन १’ असे छातीठोकपणे छापलेलीही चाले. त्या नव्व्याण्णव लाखांत खरे खेळ मोजकेच असत. बाकी तेच खेळ वेगळ्या पायरीपासून सुरू करून दाखवलेले.

आता एक अडचण उरते, ती कंपनीने घातलेली नसून पडद्याची आहे. जपानने अमेरिकेकडून घेतलेल्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो. आपण १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आणले ते ‘पाल’ पद्धतीचे. भिंतीवरच्या पालीशी तिचा संबंध नाही. पण मंदपणा थोडा आहे, कारण तिचा पडदा सेकंदाला ५० वेळाच रंगतो. बहुतेक खेळांचे घड्याळ पडद्याच्या या रंगण्यालाच बांधलेले असे. म्हणून टोकियोत एका मिनिटात होणारी धाव आमच्याकडे ७२ सेकंद घेई. मारिओ आमच्याकडे सावकाश धावला आणि त्याचे संगीतही सावकाश वाजले. पुष्कळ वर्षांनी मी त्याची मूळ चाल ऐकली तेव्हा ती मला उगाच घाई केल्यासारखी वाटली, अजूनही वाटते.

येथे या नकलाकारांची एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. निंटेंडोने स्वतः युरोपसाठी ५० च्या पडद्याचे यंत्र काढले, तेव्हा आतली घड्याळेच अशी बदलली, की कित्येक जपानी खेळ त्यावर अडखळत. तैवानच्या नकलाकारांनी ५० च्या पडद्यासाठी चिप रचताना हिशेब निराळा बसवला. पडद्याचा जादा वेळ अशा जागी ढकलला, की जपानी कॅसेटला आपण परमुलखात आलो आहोत याचा सहसा पत्ताच लागू नये. मालकाला जे जमले नाही, किंवा ज्याची त्याला गरज वाटली नाही, ते चोराने नीट केले. चोरीचे समर्थन मी करीत नाही. पण कारागिरीचे श्रेय नाकारण्याचेही मला कारण दिसत नाही.

सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीची यंत्रे त्याच दशकात रीतसर आपल्याकडे आली, आणि ती आणली शॉ वॉलेसने, म्हणजे मद्याच्या धंद्यात नाव कमावलेल्या कंपनीने. आमच्या जिल्ह्याला त्या यंत्रांचा फारसा स्पर्श झाला नाही. किंमत आडवी आली.

खरा पेच पडला तो कॅसेट जाऊन तबकडी आल्यावर. सोनीचे ‘प्लेस्टेशन’ जपानात १९९४ च्या डिसेंबरात आणि अमेरिका-युरोपात १९९५ मध्ये निघाले. सीडीची नक्कल घरच्या संगणकावर होऊ शकते, हे कंपनीला दिसत होते. तिने योजलेला उपाय खरोखर बुद्धीचा आहे. तबकडीवरची चक्राकार वाट एरवी गुळगुळीत असते. सोनीने आपल्या तबकडीच्या मध्याजवळ, जेथून वाचन सुरू होते तेथे, ही वाट किंचित वळवळती ठेवली. त्या वळवळीतून चार अक्षरे निघत. जपानी तबकडीवर ‘एस सी ई आय’, अमेरिकन तबकडीवर शेवटी ‘ए’, युरोपच्या तबकडीवर शेवटी ‘ई’. यंत्र आधी ही चार अक्षरे वाचणार, ती आपल्या मुलखाची असली तरच पुढे जाणार. संगणकावर नक्कल करताना तबकडीवरचा मजकूर अक्षरशः उतरतो, पण वाटेची वळवळ उतरत नाही. कारण कोऱ्या तबकडीची वाट कारखान्यातच आखून येते. खरेदीखत साध्या कागदावर शब्दन्शब्द उतरवले म्हणून त्याला मुद्रांकाचे मोल येत नाही, तसेच हे.

मात्र या युक्तीत दोन निराळी कुलपे एकाच किल्लीला बांधली गेली. नक्कल ओळखावयाची तीही या चार अक्षरांवरून, आणि परमुलखाची अस्सल तबकडी ओळखावयाची तीही यांवरूनच. मग कारागिरांनी आठ पायांची एक चिमुकली चिप शोधून काढली. ती यंत्रात डाखली, की ती ही अक्षरे यंत्राच्या कानात सतत पुटपुटत राही; पुढे तिन्ही मुलखांची अक्षरे आळीपाळीने सांगणाऱ्या चिपाही आल्या. यंत्र बिचारे समाधान पावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, आणि मग नागपूर-अमरावतीकडेही, ‘चिप बसवलेला’ हे यंत्राच्या गुणांत मोजले जाऊ लागले. ज्याला चिप परवडत नसे तो झाकणाखालच्या बटणात काडेपेटीची काडी खोचून झाकण बंद असल्याचा भास करवी, अस्सल तबकडी लावून तिची साक्ष होताच फिरती तबकडी चपळाईने काढून नक्कल बसवी. हा हातचलाखीचा प्रयोग मी यवतमाळात आर्णी रोडवरच्या एका घरात पाहिला आहे. करणारा मुलगा नववीत होता. सुरुवातीच्या यंत्रांत भिंगाची प्लास्टिकची बैठक झिजे, तेव्हा यंत्र उलटे ठेवून खेळावे लागे, तेही पाहिले आहे. झिजलेल्या भिंगाला नकलेची तबकडी आणखी जड जाई. कारखान्यात ठशाने उठवलेली तबकडी आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचे सत्तर टक्के तरी परत देते. पुन्हा पुन्हा लिहिण्याजोगी तबकडी पंचवीस टक्के किंवा त्याहूनही कमी.

चित्रपटांच्या डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडले गेले तेव्हा आपण रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागासह पाचव्या भागात गेलो. खेळांच्या तबकड्यांपुरते मात्र युरोपच्या पदराला बांधले गेलो. एकाच घरातल्या एकाच फळीवर दोन वेगवेगळे भूगोल नांदू लागले.

एकाच किल्लीची ही गोष्ट पुढे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पीठापुढे गेली. सिडनीच्या स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थाने या चिपा विकल्या आणि बसवून दिल्या, म्हणून सोनीने त्याला कोर्टात खेचले. ६ ऑक्टोबर २००५ रोजी निकाल लागला तो त्याच्या बाजूने. न्यायमूर्तींचे म्हणणे असे, की सोनीची युक्ती नक्कल करण्याला आडकाठी करीतच नाही. ती झालेली नक्कल चालू देत नाही, एवढेच. आणि परदेशात रीतसर विकत घेतलेली तबकडीही ती अडवते, याकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. पुढच्याच वर्षी तेथल्या संसदेने कायदा कडक केला, तरी खेळ आणि चित्रपट यांच्या बाजाराचे प्रादेशिक वाफे पाडणाऱ्या कुलपाला त्या कायद्याचे संरक्षण मात्र दिले नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने २००४ मध्ये याच चिपा बेकायदा ठरवल्या होत्या.

आपला कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे, असे माझे मत आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे ५२ वे कलम संगणक-कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्याच्या किंवा बिघडण्याच्या भयापोटी, राखीव प्रत करण्याची मुभा देते. २०१२ मध्ये घातलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. म्हणजे ज्याच्याजवळ पावती आहे त्याने प्रत करावी. ती करताही येते. फक्त यंत्र ती घेत नाही. आणि ज्या चिपेने घेईल ती चिप कोणत्याही सरळ दुकानात मिळत नाही.

हे सारे आता जुने झाले, मग त्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. प्लेस्टेशनचे उत्पादन २००६ मध्ये थांबले. खुद्द निंटेंडोने २०१७ मध्ये काढलेल्या ‘स्विच’ यंत्रातून मुलखाचे कुलूप काढून टाकले. पण जुन्या यंत्राला हे कोण सांगणार? ते अजून इमानाने चार अक्षरे विचारीत बसले आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. अशा उन्हाळ्यांत लिहिलेल्या तबकड्यांचा रंगद्रव्याचा थर आधी जातो, आणि हाताळून ओरखडे पडलेल्या अस्सल तबकड्याही एकेक करून मुक्या होतात.

गेल्या वर्षी माझ्या एका स्नेह्याने जिल्ह्यातल्या ओळखीच्या घरांतून जुन्या कॅसेटी गोळा केल्या. काही दारव्ह्याच्या, काही दिग्रसच्या, एक घाटंजीच्या माळ्यावरची. त्याच्या टेबलावर आम्ही त्या एकामागून एक उतरवून घेतल्या. कुलूप नाही, त्यामुळे हरकतही नाही. एकेकीला मिनिटभर पुरले. आत ‘टँक’ निघाला, ज्याचे खरे नाव ‘बॅटल सिटी’, नामको कंपनीचा, १९८५ चा. ‘आयलँडर’ निघाला, तो हडसन कंपनीचा ‘अॅडव्हेंचर आयलंड’, १९८६ चा. पण पहिल्या पडद्यावर जेथे कंपनीचे नाव आणि साल असावयाचे तेथे पुष्कळ ठिकाणी नुसते काळे होते. नकलाकाराने ती ओळ पुसून टाकली होती. यंत्रांच्या पोटातही तेच. काळ्या डांबरासारखा एक गोळा, ना कारखान्याचे नाव, ना वर्ष. उएमुरा २०२१ च्या डिसेंबरात वारले. त्यांच्या यंत्रावर वाढलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते कोण जाणे.

त्या दिवशी स्नेह्याने सहा प्लेस्टेशनच्या तबकड्याही आणल्या होत्या. अस्सल, काळ्या पाठीच्या, एका प्राध्यापकांनी परदेशाहून येताना मुलासाठी घेतलेल्या, आत पावतीसकट. दोन वाचता आल्या नाहीत. चारींच्या प्रती झाल्या, आणि त्या प्रती प्राध्यापकांच्या यंत्राने नाकारल्या. बिनपावतीच्या चाळीसेक कॅसेटी आता तीन ठिकाणी सुखरूप आहेत. पावतीच्या त्या सहा तबकड्या मी माझ्या कपाटात, खालच्या फळीवर, ऊन पोचणार नाही अशा बेताने उभ्या लावून ठेवल्या आहेत.