पोस्त की पगार? अमेरिकेतल्या सलूनमधल्या टिपची गोष्ट

आजचा भाग एका श्रोतीच्या प्रश्नावरून सुचला. ती नुकतीच न्यू जर्सीत राहायला गेली आहे. परवा आयब्रो करायला गेली. दहा मिनिटांचं काम. थ्रेडिंग करणारी बाई आपल्याकडचीच निघाली, हिंदीत मस्त गप्पा झाल्या. पैसे द्यायची वेळ आली तशी त्या बाईने टॅबलेट हिच्याकडे वळवला. पडद्यावर १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के आणि खाली बारीक अक्षरांत ‘टिप नाही’. बाई समोरच उभी. हिने घाईघाईत २० वर बोट ठेवलं आणि घरी येऊन मला विचारलं, "अख्खा वेळ मी तिला ताई म्हणत होते हो. ताईला टिप देतात का? तिला अपमान तर नसेल ना वाटला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. आपल्याकडे यासाठी दोन वेगवेगळे शब्द आहेत. एक ‘बलुतं’. गावचा न्हावी वर्षभर दाढी-हजामत करायचा आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्य न्यायचा. ते धान्य म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क होता. त्या व्यवस्थेत जातीचं जोखड होतं, काम सोडून जायची मुभा नव्हती, हे विसरायचं नाही. पण मोबदला हा मोबदला म्हणूनच ओळखला जायचा. दुसरा शब्द ‘पोस्त’. दिवाळीला पोस्टमनला, रखवालदाराला, कामाच्या मावशींना देतो ते. पोस्त वर्षातून एकदा, पगाराच्या वर आणि खुशीने.

अमेरिकेत झालं काय, तर पोस्त पगारात शिरला. आणि एकदा शिरला तो आजवर बाहेर निघालेला नाही.

‘टिप’ हा शब्द इंग्लंडचा. ‘तत्परतेची हमी मिळावी म्हणून’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे टिप, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खोटी आहे, नंतर कुणीतरी जुळवलेली. मूळ शब्द सतराव्या शतकातल्या चोर-उचल्यांच्या बोलीतला आहे, अर्थ ‘हळूच देणे, सरकवणे’. इंग्लंडमध्ये पाहुणा एखाद्या घरी राहिला की निघताना नोकरांच्या हातावर नाणी ठेवायचा. देणारा वरचा, घेणारा खालचा, हे त्यात गृहीतच होतं.

यादवी युद्धानंतर श्रीमंत अमेरिकन युरोपच्या सहली करून ही सवय घरी घेऊन आले. गंमत म्हणजे तेव्हा बऱ्याच अमेरिकनांना ती मुळीच आवडली नाही. आपल्या देशात राजा नाही, सरदार नाहीत, मग एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात का पसरावा, असं ते विचारायचे. १९१६ साली विल्यम स्कॉट नावाच्या लेखकाने टिपविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहिलं. टिप लोकशाहीच्या विरुद्ध आहे, हा त्याचा मुख्य मुद्दा.

मग ती रुजली कशी? इथे वंशाचा प्रश्न येतो.

त्या काळी अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, गोऱ्या गिऱ्हाइकांची दाढी-हजामत करणारे न्हावी बरेचदा कृष्णवर्णीय असत. दुसऱ्याच्या अंगाला हात लावून सेवा करणं हे हलकं काम समजलं जायचं, म्हणून ते त्यांच्याकडे सोडलेलं. हा विचार आपल्याला अनोळखी नाही, काय? पण त्या कामातूनही काही जण मालक झाले. मिसिसिपीतल्या नॅचेझ गावचा विल्यम जॉन्सन गुलामीत जन्मला, मुक्त झाला, स्वतःची दुकानं चालवली आणि सोळा वर्षं रोजनिशी लिहिली. त्याने स्वतःही गुलाम बाळगले होते. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही. पुढे अटलांटात अलोन्झो हर्नडन, तोही गुलामीत जन्मलेला, त्याने झगमगीत केशकर्तनालय उभं केलं आणि १९०५ मध्ये एक विमा कंपनी सुरू केली.

पण मालक होणारे थोडेच. बाकीच्यांचं काय झालं ते रेल्वेत दिसतं. जॉर्ज पुलमनच्या कंपनीने झोपायच्या डब्यांत सेवेसाठी गुलामीतून सुटलेली माणसं मुद्दाम नेमली. बिछाने घालायचे, बॅगा उचलायच्या, रात्री प्रवाशांचे बूट पॉलिश करायचे. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून सगळ्यांनाच ‘जॉर्ज’. पगार अगदी तुटपुंजा, उरलेलं टिपमधून कमवायचं. १९१५ मध्ये सरकारी आयोगापुढे या पगाराबद्दल कंपनीच्या अध्यक्षाची साक्ष झाली. अध्यक्ष कोण? रॉबर्ट लिंकन. गुलामी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचा मुलगा.

या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. त्यांना हवा होता तो पुरेसा पगार, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर न टांगलेला.

दरम्यान टिपवर बंदी घालायचेही प्रयत्न झाले. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पहिला कायदा केला. पाठोपाठ मिसिसिपी, आर्कान्सा, टेनेसी, साउथ कॅरोलिना, आयोवा. आयोवाच्या कायद्यात हॉटेलांबरोबर केशकर्तनालयांचाही स्पष्ट उल्लेख होता. तिथे नोकरीला असलेल्या न्हाव्याने टिप घेतली तर गुन्हा! १९१९ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण तो नोकराला एक न्याय लावत होता आणि मालकाला दुसरा. १९२६ पर्यंत देशातले असे सगळे कायदे गेले.

आता मुख्य वळणाकडे येऊ. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला, तासाला २५ सेंट. पण सेवा व्यवसायातले असंख्य कामगार त्यातून वगळले गेले. १९६६ मध्ये व्याप्ती वाढवली, तेव्हा मालकांना एक सवलत मिळाली : टिप मिळणाऱ्या कामगाराला किमान वेतनाचा एक भागच द्या, बाकीचा टिपमधून आला असं धरा. आज केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. टिपवाल्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायची रक्कम मात्र फक्त २.१३ डॉलर, तीही १९९१ पासून तशीच. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असतो, हे खरं. पण म्हणजे बघा, तुम्ही खुशीने ठेवलेल्या पैशांतले तासाला ५.१२ डॉलरपर्यंत आधी मालकाचा खर्च वाचवतात. अनेक राज्यांत ही रक्कम याहून जास्त आहे, आणि कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत ही सवलतच नाही.

आता सलूनमध्ये परत येऊ. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून निर्वासित आले. कॅलिफोर्नियातल्या एका छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रन मदतीला जायची. (हो, नाव खरंच टिपी.) तिथल्या बायकांना तिची रंगवलेली नखं फार आवडली. तिने स्वतःच्या मॅनिक्युरिस्टला बोलावून वीस जणींना काम शिकवलं. आज अमेरिकेतल्या नेल सलूनांचा मोठा हिस्सा व्हिएतनामी लोकांकडे आहे. या धंद्यातल्या कमी पगाराची लक्तरं २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत टांगली गेली, आणि २०२० च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्याने नेल सलून, केशकर्तनालयं वगैरेंसाठी टिपची ती सवलत काढून टाकली.

आपल्या थ्रेडिंगचीही एक लढाई आहे. टेक्सासमध्ये दोऱ्याने भुवया कोरायला ७५० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्यात बराचसा भाग थ्रेडिंगशी संबंध नसलेला. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्या खटल्याचं नाव पटेल असं सुरू होतं, यावरून समजून घ्या. म्हणजे तुमच्या भुवईवर दोरा फिरवणारी बाई परवाना, भाडं, पगार या सगळ्याशी झुंजून त्या खुर्चीमागे उभी आहे.

मग करायचं काय? सलून, नखं, वॅक्सिंग, मसाज यांना अमेरिकेत साधारण १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे. कूपन वापरलं असेल तर मूळ किमतीवर हिशोब करा, काम तर तेवढंच झालंय. केस धुणारी मुलगी वेगळी असेल तर दोन-चार डॉलर तिच्या हातात वेगळे द्या. मालकीण स्वतः काम करत असेल तर टिप द्यायची नाही, असा जुना संकेत होता. तो आता सैल झालाय, दिली तर बहुतेक जणी घेतात. खुर्ची भाड्याने घेऊन काम करणाऱ्याही अनेक असतात, त्यांना द्यायची. २०१८ पासून केंद्रीय कायद्याने मालक आणि मॅनेजर कामगाराची टिप ठेवून घेऊ शकत नाहीत. ब्रिटनमध्येही ऑक्टोबर २०२४ पासून तसाच नियम आहे. तिथे टिप कमी आणि ऐच्छिक. जपानला गेलात तर मात्र हात आवरा. तिथे दिलेले पैसे परत करायला माणूस मागे पळत येईल.

आता आमच्या श्रोतीचा प्रश्न. ताईला टिप देतात का? द्यायची. टिपचा जन्म अपमानातूनच झाला, हे खरं. देणारा वर, घेणारा खाली. ते तुम्ही एकटीने बदलू शकत नाही. पण तुम्ही तत्त्व म्हणून ‘टिप नाही’ वर बोट ठेवलंत तर त्याची शिक्षा व्यवस्थेला नाही, त्या ताईला होते. तिच्या घरभाड्यातले चार डॉलर कमी होतात, एवढंच. ताई म्हणून गप्पा मारायच्या आणि हिशोबाच्या वेळी ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून हात आखडता घ्यायचा, अपमान तो आहे.

एक करता येईल. पडद्यावर बोट ठेवण्याआधी हळूच विचारा, "हे पैसे तुम्हालाच मिळतात ना, की रोख देऊ?" पोर्टरांना सगळे ‘जॉर्ज’ म्हणायचे. तुम्ही तिचं नाव विचारा. पोस्त असो की पगार, माणसाच्या हातात जातोय याची खात्री करून घेणं आपल्याला नक्की जमेल.

तुमच्या गावात, तुमच्या देशात काय रीत आहे ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.