अलॉय चाकांचे घरगुती पॉलिश: आधी थर ओळखावा, मगच पेपर हाती घ्यावा

पाऊस सरून दसरा जवळ आला की राज्यात घरोघरी गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. बॉनेट, दारे, काचा लखलखू लागतात. अलॉय चाके मात्र कितीही घासली तरी राखाडी आणि डागाळलेलीच दिसतात. मग चवथीच्या वेळी ज्या चिंचमिठाने समया उजळल्या, तेच कोणी चाकांवर चोळतो, कोणी न्हाणीघर धुण्याचे ॲसिड ओततो, तर कोणी सरळ पॉलिश पेपर फिरवू लागतो. या तिन्ही उपायांनी चाकाचे कायमचे नुकसान होऊ शकते. त्यामागे गैरसमज एकच असतो. डोळ्यांना दिसतो तो धातू आहे असे आपण मानतो. प्रत्यक्षात बहुतेक चाकांवर आपल्याला दिसतो तो रंगाचा आणि पारदर्शक लॅकरचा थर.

मोटारीची बहुसंख्य अलॉय चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि ओतीव असतात. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम असते. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचतो, तर मॅग्नेशियममुळे उष्णतेची प्रक्रिया केल्यावर त्याला बळकटी येते. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. मात्र तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली या दोहोंतही हा थर विरघळतो. कॉस्टिक सोडा पडला तर हायड्रोजनचे बुडबुडे येत धातू खाल्ला जातो. मिठातील क्लोराइड या थराला जागोजागी भेदते आणि बारीक खड्डे पाडते. पितळेवर गुणकारी ठरणारे चिंचमीठ ॲल्युमिनियमवर का चालत नाही, याचे उत्तर चिंचेपेक्षा मिठात अधिक आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची चाके लवकर का काळवंडतात, तेही यावरून उमगते.

चाक उघड्या धातूचे आहे की लॅकरचे, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. चाक स्वच्छ धुऊन वाळवावे. आऱ्याच्या मागच्या, सहज न दिसणाऱ्या भागावर पांढऱ्या सुती फडक्याने थोडे मेटल पॉलिश चोळावे. फडके काळे पडले तर तेथे उघडा धातू आहे. काळा रंग मळाचा नसून सुटलेल्या ऑक्साइडचा आणि धातूच्या कणांचा असतो. फडके काळे न होता पॉलिशच्याच रंगाचे राहिले, किंवा त्यावर चाकाच्या रंगाची छटा उतरली, तर वर लॅकर अथवा रंग आहे. मात्र अनेक चाकांचा मागचा भाग आणि दर्शनी भाग वेगवेगळ्या पद्धतीने रंगवलेला असतो. म्हणून पुढच्या बाजूलाही एखाद्या कोपऱ्यात हीच चाचणी घ्यावी.

लॅकर असेल तर काम धातूचे नव्हे, रंगाचे आहे असे समजावे. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, त्यामुळे येथे खरखरीत पेपरला जागा नाही. चाक पूर्ण थंड झाल्यावर आधी पाण्याच्या धारेने सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. डिचोली, सांगे, कुडचडे भागांतील लाल खनिज धूळ कठीण असते. कोरड्या फडक्याने ती पुसणे म्हणजे चाकावर स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर चालवणेच होय. त्यानंतर गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश वापरावा. तरीही उरणारे तपकिरी ठिपके बहुधा ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमधून उडालेल्या लोहकणांचे असतात. त्यांच्यासाठी बाजारात ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. तो लोहाशी संयोग पावून जांभळा होतो. त्याचा वास उग्र असतो. तो सावलीत मारावा, चाकावर सुकू देऊ नये आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. ‘ॲसिड’ असे लिहिलेली चाकांची स्वस्त द्रावणे मात्र टाळावीत. त्यांपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक आम्लाचे घटक असतात आणि त्वचेवर त्याचा परिणाम कधी कधी काही तासांनी, पण गंभीर स्वरूपात दिसतो. शेवटी रंगावर वापरतात ते बारीक पॉलिश हाताने फिरवून वर मेणाचा थर द्यावा. एवढे पुरे आहे.

लॅकरखाली गांडुळासारख्या वेड्यावाकड्या पांढरट रेषा दिसत असतील तर गोष्ट वेगळी. दगडाच्या टवक्यातून वा फुटपाथला घासलेल्या कडेतून पाणी आणि क्षार आत शिरतात, आणि लॅकर व धातू यांच्यामध्ये गंज सरकत जातो. वरून कितीही पॉलिश केले तरी तेथपर्यंत हात पोहोचत नाही. ‘डायमंड कट’ चाकांत ही तक्रार विशेष आढळते. त्यांचा चकाकता चेहरा लेथवर कापलेला असतो आणि त्यावरील सूक्ष्म रेघा हाताने पुन्हा उमटवता येत नाहीत. असे चाक लेथ असलेल्या कारखान्यातच द्यावे. प्रत्येक वेळी धातूचा पापुद्रा निघतो, त्यामुळे हे काम मोजक्याच वेळा करता येते, हेही ध्यानी ठेवावे.

उरते ते उघड्या धातूचे चाक, किंवा ज्याचा जुना रंग पूर्ण काढून टाकायचा ठरले आहे असे चाक. येथे खरी मेहनत आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, जमिनीवरच्या चाकांना ओट लावावी आणि जॅकवर चढवण्यापूर्वी नट सैल करून घ्यावेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तासन्‌तास काम करणे धोक्याचे आहे. भक्कम स्टँड हवा. रंग काढण्याचे रिमूव्हर उघड्यावर आणि रबरी हातमोजे घालूनच लावावे. ते टायरला लागू नये म्हणून टायर आधी दुकानातून उतरवून घेणे इष्ट.

खोल ओरखडे असतील तर ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने आरंभ करावा, नसतील तर ६०० ने. पुढे ८००, १०००, १५०० आणि २००० असा क्रम ठेवावा. पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून वापरावा. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही. प्रत्येक टप्प्याला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते चटकन दिसते. घाईने एखादा क्रमांक वगळला की त्याचा हिशेब शेवटी चुकवावा लागतो: आरसा चमकतो, पण उन्हात तिरपे पाहिले की रेघा उठून दिसतात. एका चाकाला अर्धा दिवस सहज लागतो. शेवटी मेटल पॉलिश लावून सुती फडक्याने वा ड्रिलला लावलेल्या बफने घासावे. बफ एका जागी दाबून धरू नये, धातू तापतो. ओतीव चाकात सिलिकॉन आणि बारीक छिद्रे असल्याने घडीव ॲल्युमिनियमसारखी निर्मळ झळाळी येत नाही. किंचित करडी छटा राहणारच. नट टेकतात त्या खोबणी आणि हबला चिकटणारा मागचा पृष्ठभाग यांना मात्र पेपर लावू नये, तेथे रंगही चढवू नये. त्या जागा बदलल्या तर नट ढिले होऊ शकतात.

उघडा धातू आपल्या हवेत फार दिवस चकाकत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने दर काही आठवड्यांनी धुऊन मेण लावण्याची तयारी ठेवावी. समुद्रकिनारी फेरी झाली तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाके धुवावीत, आतली बाजूही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी धातू उघडा करण्याच्या फंदात न पडता रंगकाम करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिशसाठी चाक उतरवले की त्याची आतली बाजू बारकाईने पाहावी. खड्ड्यांत आपटलेल्या चाकाला कडेपाशी किंवा आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी भेग पडलेली असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. भेग दिसली तर ती घासून मिटवू नये. ती नजरेआड होते, पण धातूत तशीच राहते. असे चाक पुन्हा गाडीला लावू नये, जाणकाराला दाखवावे. चाक निर्दोष असेल तर बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने, आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावेत.