हक्का म्हणजे पाहुणा



आपल्या बाजाराच्या गावी, एस.टी. स्टँडच्या बाहेर, संध्याकाळी ‘चायनीज’ची गाडी लागते. फळीवर लिहिलेलं असतं – मंचुरियन, शेजवान राईस, हक्का नूडल्स. पोरं हट्ट धरतात, मग आपणही एक प्लेट घेतो. पण हक्का म्हणजे काय, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. ते कळलं कोलकात्याला गेल्यावर.

गटाचा माल घेऊन आम्ही सहाजणी तिथल्या प्रदर्शनाला गेलो होतो. मसाले, पापड, कुरडया. शेवटच्या दिवशी माल संपला. शेजारच्या स्टॉलवरची बंगाली ताई म्हणाली, “टँगऱ्याला जाऊन जेवा, तिथं चिनी माणसांची जुनी हॉटेलं आहेत.” आम्ही रिक्षा केली.

टँगऱ्यात शिरल्यावर आधी दिसल्या उंच भिंती आणि लोखंडी फाटकं. काहींवर चिनी अक्षरं. आम्हाला वाटलं, वाट चुकलो. पण एका फाटकातून आत गेलो, तर गोल टेबलं आणि माणसांची ही गर्दी! गल्ल्यावर सत्तरीच्या पुढची एक चिनी मावशी. बंगाली तर बोलतच होती, आमच्याशी चांगलं हिंदी बोलली. शाकाहारी कोण, तिखट कोणाला चालतं, सगळं विचारून घेतलं. मक्याचं गरम सूप आलं, मग नूडल्स आणि हिरव्या मिरचीतलं पनीर. खाणाऱ्या दोघींसाठी तळलेली कोळंबी. गाडीवरच्यासारखा लाल रंग कशालाच नव्हता. आलं, लसूण, मिरची मात्र अगदी आपल्या हाताची.

आम्ही विचारलं, “मावशी, हे हक्का म्हणजे काय?” ती हसली. “आम्हीच हक्का. आमच्या भाषेत त्याचा अर्थ पाहुणे.”

चीनमध्ये उत्तरेकडून दक्षिणेकडे पिढ्यान्‌पिढ्या सरकत गेलेली ही माणसं. ज्या गावी गेली, तिथल्यांनी त्यांना पाहुणेच म्हटलं. तेच त्यांचं नाव झालं.

कोलकात्याला चिनी माणसं आली त्याला सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ झाला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात आच्यू नावाच्या चिनी माणसाने हुगळीकाठी ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचं अचिपूर गाव आजही आहे, आणि चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी लोक तिथल्या देवळात जातात. पुढे आणखी लोक आले. कॅन्टनकडचे सुतारकाम करत, हुपे प्रांतातले दात बसवत. हक्कांनी चामडं आणि बुटांचा धंदा धरला.

चामड्याचं काम आपल्याकडे कोणी कोणावर टाकलं, हे आपल्याला सांगायला नको. वरचे म्हणवणारे त्याला हात लावत नव्हते. ती जागा हक्कांनी घेतली. टँगऱ्याच्या पाणथळ जमिनीवर त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने उभे केले. बिहारमधून आलेले चर्मकार तिथे मजुरी करत. खाली कारखाना, वर घर. बाया कारखान्यात राबायच्या आणि चूलही सांभाळायच्या. त्या उंच भिंती आणि फाटकं त्याच कारखान्यांची.

मग 1962 साल आलं. चीनशी युद्ध झालं. लढाई महिनाभरच चालली, पण तिची झळ इथल्या चिनी घरांना अनेक वर्षं लागली. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतून सुमारे तीन हजार माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. म्हातारी, लेकुरवाळ्या, शाळेतली पोरं. गुन्हा एवढाच, की वंश चिनी. कितीतरी जण इथेच जन्मलेले होते. काहींना जहाजात बसवून चीनला धाडलं, जो देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. छावणीतले शेवटचे लोक 1967 मध्ये सुटले. घरी परतले तर काहींची घरंदारं, दुकानं लिलावात गेलेली. कोलकात्यातल्या चिन्यांनाही पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. पुष्कळजण कॅनडाला निघून गेले.

छावणीत बालपण गेलेली एक मुलगी पुढे टँगऱ्यात आली आणि एकामागून एक हॉटेलं चालवू लागली. आज त्या भागात तिचा शब्द चालतो.

दुसरा घाव 1996 चा. प्रदूषण होतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कारखाने शहराबाहेर बानतला इथं हलवायला सांगितलं. नदीच्या पाण्याच्या दृष्टीने ते गरजेचं होतं. पण ज्यांना जाणं परवडलं नाही, त्यांचं काय? टँगऱ्यात काही घरांनी हॉटेलं आधीच काढली होती. आता आणखी घरं त्याच वाटेने गेली. आजवर घरच्यांसाठी जो स्वयंपाक ‘काम’ म्हणून कोणी मोजला नव्हता, त्यावर संसार उभे राहिले. हे ऐकताना आमच्या गटातली एकजण हळूच म्हणाली, “आपलं पापडाचं असंच झालं की.”

हीच चव मुंबईलाही पोचली. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वँग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, गरम मसाल्याऐवजी मात्र सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. तेच हळूहळू कोबीचं होऊन आपल्या स्टँडवर आलं. तिकडे कॅनडात गेलेल्यांनीही हाच स्वयंपाक नेला. टोरांटोत त्याच्या पाट्यांवर ‘हक्का’ लिहिलेलं असतं.

टँगऱ्यात कालीचं एक देऊळ आहे. चिनी लोक तिची पूजा करतात आणि प्रसादाला नूडल्स असतात. एवढं एकजीव झालेल्या माणसांना एका रात्रीत परकं कसं ठरवता आलं?

लग्न होऊन आलेल्या बाईला हा प्रश्न नवा नाही. चाळीस वर्षं एका घरात राबली, तरी भांडण झालं की ‘तू परक्या घरची’ हे ऐकावंच लागतं.

निघताना आम्ही मावशीला आमच्या मसाल्याची उरलेली एक पुडी दिली. तिने वास घेतला, शिंकली आणि खूप हसली. “पुन्हा या,” म्हणाली. त्या जागेत पाहुण्या आम्ही होतो. घर तिचं होतं.